पुण्यात दहा दिवस, दोन लहान मुलं आणि एकटी आई: यादीतली सात नावं खोडून टाका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. डिसेंबरात मिस्टरांचं दहा दिवसांचं प्रशिक्षण आहे, म्हणून सगळेच चंद्रपूरहून पुण्याला येताय. डेक्कनजवळ खोली घेतली आहे. थोरली साडेचार वर्षांची, धाकट्याला नुकतंच दुसरं वर्ष पूर्ण झालंय. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सात तुम्ही एकट्या आणि इथे ओळखीपाळखीचं कुणी नाही. दहा दिवसांची दहा ठिकाणं लिहून काढली आहेत. अजून काय बघण्यासारखं आहे आणि बाबागाडी आणू का, असं विचारलंय.

मी पेठेत सव्वीस वर्षं बालवाडी आणि तिला जोडून पाळणाघर चालवलं. त्या अनुभवावरून सांगते: यादीतली सात नावं खोडून टाका. उरलेल्यांपैकी एका ठिकाणी रोज जा. अगदी रोज, त्याच वेळेला, त्याच फाटकातून.

ऐकायला विचित्र वाटेल, म्हणून कारण सांगते. आपल्याला नवं शहर म्हटलं की बघायच्या जागा दिसतात. दोन वर्षांच्या मुलाला तिथे काय काय नाही ते दिसतं. त्याची गादी नाही, न्हाणीघरातला रोजचा मग नाही, आजी नाही, दारातलं कुत्रं नाही, आणि बाबा सकाळी उठून कुठेतरी निघून जातात. काल जे होतं ते आज आहे का, एवढंच ते दिवसभर तपासत असतं. अशात रोज नवी जागा दाखवली की रोज पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात. मग संध्याकाळी जी किरकिर होते तिला आपण हट्ट म्हणतो, पण मूल बावचळलेलं असतं.

जूनमध्ये बालवाडी सुरू झाली की पहिले दोन आठवडे आम्ही चटईची जागासुद्धा बदलत नसू. तीच चटई, ठोकळ्यांचं खोकं त्याच कोपऱ्यात, दहा वाजता तेच गाणं, साडेदहाला डबा. चौथ्या-पाचव्या दिवशी रडं ओसरायचं. सुरुवातीच्या वर्षांत मी नवं खेळणं आणून रडं थांबवायला बघायची. खेळणं पाच मिनिटं पुरायचं आणि मूल पुन्हा दाराकडे बघायला लागायचं. गाण्यानंतर डबा आणि डब्यानंतर आई येते, हे एकदा कळलं की तेच मूल दाराकडे पाठ करून खेळायचं. तुम्हाला दहा दिवसांत नेमकं हेच साधायचं आहे.

डेक्कनला राहताय तर तुमची रोजची जागा संभाजी उद्यान. जंगली महाराज रस्त्यावर आहे, पायी जाता येईल, मोठी झाडं आहेत, मुलांना पळायला जागा आहे. एक गोष्ट बाहेरगावच्या लोकांना माहीत नसते: पुण्यातल्या महापालिकेच्या बहुतेक बागा भर दुपारी बंद असतात, सकाळी आणि संध्याकाळीच उघड्या. पहिल्याच दिवशी फाटकावरची वेळेची पाटी वाचून घ्या. बंद फाटकासमोर दोन मुलांना घेऊन उभं राहायची वेळ येऊ देऊ नका. डिसेंबरात इथली पहाट चांगली गार असते, त्यामुळे नऊच्या सुमाराला निघा. अंगात स्वेटर, आत सुती बनियन, कारण दहा वाजले की ऊन लागायला लागतं आणि स्वेटर तुमच्या पिशवीत येतो.

पहिल्या दिवशी धाकटा तुमचा पाय सोडणार नाही. सोडवू नका. एक बाक ठरवा, त्यावर बसा आणि काहीही दाखवू नका. ‘ते बघ, झोका बघ, चल ना’ हे तर मुळीच नको. बिस्किटाचा चुरा बाकाच्या पायाशी पडला की थोड्या वेळात मुंग्या येतात. एक मुंगी आपल्यापेक्षा मोठा कण ओढत फरशीच्या भेगेपाशी येते, तो कण आडवा अडकतो, मग ती मागे येते, फिरवते, पुन्हा ओढते. दोन वर्षांचं मूल हे उकिडवं बसून दहा दहा मिनिटं बघतं. ते उकिडवं बसलं म्हणजे त्यानं तुमचा पाय सोडला, एवढं लक्षात घ्या. दुसऱ्या दिवशी ते त्याच बाकापाशी ‘मुंगी?’ विचारेल. तिसऱ्या दिवशी फाटकातून आत शिरल्यावर तुमच्या पुढे पळेल. तिथून तुमचे दहा दिवस सोपे होतात.

थोरलीचं तसं नाही. साडेचार वर्षांच्या मुलीला बोलायला माणूस हवं आणि हाताला काम हवं. तिला एक कापडी पिशवी द्या, ‘बागेची पिशवी’. रोज पाच वस्तू गोळा करायच्या, सहावी नाही. पाचच, म्हणजे निवड करावी लागते. हे पान घेऊ की ते, हा खडा का नको, या विचारात अर्धा तास जातो. खोलीवर आल्यावर त्यांच्या रांगा लावायच्या: गुळगुळीत इकडे, खरखरीत तिकडे, लहानापासून मोठ्यापर्यंत. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली समुद्रकाठच्या बोर्डीला गावातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, तेव्हा महागडी साधनं बाजूला ठेवून पानं, बिया, शंखशिंपले, खडे यांवरच बालशिक्षण उभं केलं. मी माझ्या बालवाडीत आयुष्यभर तेच वापरलं आणि कुठल्याही विकतच्या खेळण्यापेक्षा ते जास्त टिकलं. फक्त चिंचोके, मणी, गोल खडे असलं काहीही धाकट्याच्या हाती लागू देऊ नका. या वयात प्रत्येक वस्तू तोंडात जाते.

बागेत रोज त्याच वेळी येणाऱ्या आज्या असतात. पहिल्या दिवशी हसतील, दुसऱ्या दिवशी ‘कुठल्या तुम्ही?’ विचारतील, तिसऱ्या दिवशी धाकट्याला हाक मारतील. रोज जागा बदलली तर हे कधीच घडत नाही. परक्या शहरात दिवसभर मुलांशीच बोलून आईचा जीव किती घुसमटतो ते मी पाळणाघरात येणाऱ्या आयांकडून ऐकलंय. तुम्हालाही मोठ्या माणसाशी चार वाक्यं बोलायला मिळाली पाहिजेत. मुलांच्या खेळाइतकंच हे महत्त्वाचं आहे, म्हणून मुद्दाम लिहिते.

साडेअकरा-बाराला परत. मग जेवण, झोप आणि खोलीतली दुपार. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जे सांगितलंय त्यात एक-दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप आणि तीन-चार वर्षांच्याला १० ते १३ तास. प्रवासात पहिली मोडते ती दुपारची झोप. ‘आज एक दिवस नाही झोपला तर काय होतं’ असं म्हणून दुपारी कुठे जाऊ नका, त्याची किंमत रात्री अकरा वाजता तुम्हीच मोजाल. त्याच मार्गदर्शनात या वयाला दिवसाला एकूण तीन तास हालचाल सांगितली आहे आणि पडद्यासमोर जास्तीत जास्त एक तास, कमी असेल तितकं चांगलं. माझं मत विचाराल तर तुम्ही आंघोळीला जाताना वीस मिनिटं मोबाइल दिला तर मनाला लावून घेऊ नका, पण जेवताना देऊ नका. परक्या जागी जेवणाचं ताट ही ओळखीची गोष्ट असते, तिच्याकडे मुलाचं लक्ष हवं.

जेवणासाठी हॉटेलांच्या मागे लागू नका. पुण्यात गल्लोगल्ली पोळी-भाजी केंद्रं आहेत. ताज्या पोळ्या, वरण, भात, एखादी कमी तिखट भाजी असं सुटं मिळतं. केंद्रातल्या बाईंना ‘लहान मुलं आहेत, फोडणी न घातलेलं वरण मिळेल का’ असं विचारा, बहुतेक वेळा वाटीभर बाजूला काढून ठेवतात. घरून मेतकूट, तुपाची लहान बरणी आणि नाचणीचं सत्त्व आणा. मऊ भात, तूप, मेतकूट यावर धाकटा दहा दिवस आनंदात राहील. बाहेर खाल्लंच तर इडली, ताक. बाकरवडी तुम्ही खा, त्याला नको, तिखट असते. आणि भेळेतले, चिवड्यातले अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं दोघांनाही देऊ नका. पाच वर्षांच्या आत हे घशात अडकण्याचा धोका असतो. द्राक्षाचे उभे चार काप करूनच द्यायचे.

खोलीतली दुपार कशी काढायची याची सगळ्यात जास्त धास्ती तुम्हाला वाटते आहे, असं तुमच्या लिहिण्यावरून दिसलं. बघा, बादलीत चार बोटं पाणी, एक मग, एक स्टीलची वाटी आणि एक गाळणी. न्हाणीघराच्या उंबऱ्यात तुम्ही पाट घेऊन बसा. धाकटा मगातून वाटीत ओततो, वाटी भरून वाहते, तो थांबून बघतो, पुन्हा ओततो. गाळणीत ओतलं की पाणी राहत नाही, हे त्याला पहिल्यांदा कळतं तेव्हा तो गाळणी उलटी करून तळाशी बघतो. चाळीस मिनिटं कुठे जातात कळत नाही. पण तुम्ही तिथून हलायचं नाही, चार बोटं पाण्यातही लहान मूल बुडू शकतं, आणि खेळ संपला की बादली रिकामी करून पालथी घालायची. पोळी-भाजी केंद्रातून कणकेचा एक गोळा मागून आणा. पलंगावरून खुर्चीवर चादर टाकली की घर झालं. मोज्यांच्या गुंडाळ्या आणि कचऱ्याची रिकामी टोपली, हा नेमबाजीचा खेळ थोरलीला पुरतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तुळशीबागेतून भातुकली आणा. छोटी चूल, पोळपाट, पातेली अजूनही मिळतात. दहा दिवसांनी ती घरीही खेळायला होते. तुळशीबागेत मात्र सकाळी दुकानं उघडल्या उघडल्या जा. संध्याकाळच्या गर्दीत दोन मुलांना घेऊन एकटीनं जाऊ नये.

आता जाण्याजोग्या बाकीच्या दोन-तीन जागा. यात रोज काही नाही, एक दिवसाआड एक.

पहिली म्हणजे मेट्रो. कुठे पोचण्यासाठी म्हणून तिच्याकडे बघू नका, मुलांना ती नुसती बसायलाच आवडते. डेक्कनच्या स्थानकाचं छप्पर पगडीच्या आकाराचं आहे, ते खालूनच थोरलीला शोधायला सांगा. तिथून रामवाडीकडे जाणारी गाडी मुठा नदीच्या काठानं जाते, खिडकीतून पाणी दिसतं. सिव्हिल कोर्टला उतरून खालच्या मार्गिकेवर यायचं. ते स्थानक जमिनीखाली सुमारे ३३ मीटर आहे. वरच्या फलाटावरून थेट जमिनीच्या पोटात उतरायचं, ही थोरलीसाठी दिवसाची मोठी गोष्ट होईल. स्वारगेटच्या गाडीत बसून मंडईला उतरा, १८८६ साली उघडलेली दगडी मंडई बघा, भाज्यांचे ढीग बघा, दोन गाजरं थोरलीच्या हातानं विकत घ्या आणि परत. सरकत्या जिन्यावर मुलांच्या पायात मऊ रबरी चपला नकोत, कडेला अडकतात. दोन मुलं असताना लिफ्टच बरी, आणि बटण दाबायचं काम थोरलीकडे. शिवाय स्थानकांवर स्वच्छतागृहं आहेत. एकटीनं बाहेर पडताना ही सोय फार मोठी. स्वच्छतागृहात दोघांनाही आत घेऊनच जा, एकाला ‘इथेच उभा राहा’ असं सांगून बाहेर ठेवू नका.

दुसरी सारसबाग आणि तिच्या जवळचं पेशवे उद्यान. सारसबागेत हिरवळीवर लोळायचं, तळ्यातल्या गणपतीला नमस्कार करायचा. पाण्याच्या कडेला मात्र हात धरून. पेशवे उद्यानात फुलराणी ही छोटी आगगाडी आहे, १९५६ सालची. आज आजी असलेल्या कित्येक पुणेकर बायका लहानपणी तिच्यात बसल्या आहेत, मीही बसले आहे. पण गाडी आज चालू आहे का हे तिथे विचारून, तिकीट हातात आल्यावरच मुलांना सांगा. हा माझा सगळ्या सहलींचा नियम आहे. आधी कबूल करून न मिळालेली गाडी मूल आठवडाभर विसरत नाही.

केळकर संग्रहालय फक्त थोरलीसाठी, तेही धाकटा झोळीत झोपलेला असेल तर. एखादंच दालन बघा, दिव्यांचं. किती तऱ्हेचे दिवे, कशाला किती तोंडं, हे मोजत अर्धा तास छान जातो. दिनकर केळकरांचा मुलगा राजा सात वर्षांचा असताना गेला, त्याच्या नावानं हे संग्रहालय आहे. मुलांना घेऊन तिथे गेले की मला दर वेळी ते आठवतं.

कात्रजचं प्राणिसंग्रहालय रविवारसाठी ठेवा, मिस्टर बरोबर असतील तेव्हा. सुमारे १३० एकरांचा परिसर आहे, दोन मुलांना कडेवर घेऊन एकटीच्यानं होणार नाही. आत बॅटरीवरची गाडी असते, तिची चौकशी करा. बुधवारी बंद असतं. हत्ती, अस्वल आणि साप एवढंच बघा, वाघ दिसला तर दिसला. अकरा मुलांना घेऊन मी तिथे गेले होते, आणि दुसऱ्या दिवशी बालवाडीत ‘काय काय बघितलं’ विचारल्यावर सात जणांनी माळीकाकांच्या फाटक्या पाइपातून उडणारं कारंजं सांगितलं. तेव्हापासून सगळं दाखवून झालं पाहिजे ही घाई मी सोडली. पर्वतीही तशीच, १०३ पायऱ्या आहेत, तिथेही दोघं असाल तेव्हाच. शनिवारवाडा, पु. ल. देशपांडे उद्यान ही नावं यादीतून काढा. जपानमधल्या ओकायामाच्या बागेच्या धर्तीवरचं पु. ल. देशपांडे उद्यान फार सुंदर आहे, पण शांतपणे वाटेवरून चालण्यासाठी आहे, दोन वर्षांच्या मुलाला तिथे सारखं ‘नको, नको’ म्हणावं लागतं.

सुरक्षेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी लिहिते. एकदा एका बागेत माझ्याबरोबरच्या चौदा मुलांमधला एक मुलगा फुगेवाल्यामागे गेला. चार मिनिटांत सापडला. ती चार मिनिटं मला अजून आठवतात. त्यानंतर माझं प्रत्येक मूल बाहेर पडताना पिवळी टोपी घालायचं आणि प्रत्येकाच्या हातावर बॉलपेननं फोन नंबर असायचा. तुम्हीही हे करा. निघताना दोघांचा त्या दिवशीच्या कपड्यांत एक फोटो काढा, कारण घाबरल्यावर आज कोणता शर्ट घातला होता तेच आठवत नाही. थोरलीला रोज सांगा: आई दिसली नाही तर होतीस तिथेच उभी राहायचं, मोठ्यानं आईचं नाव घ्यायचं, आणि जिच्याबरोबर मूल आहे अशा एखाद्या बाईला सांगायचं. तुमचं पूर्ण नाव तिला पाठ हवं, ‘आई’ म्हणून हाक मारली तर बागेतल्या सगळ्याच आया वळून बघतात.

रिक्षात चढताना आधी थोरली, मग धाकट्याला घेऊन तुम्ही. उतरताना आधी तुम्ही. जंगली महाराज रस्ता एकेरी आहे, तरीही ओलांडताना दोन्हीकडे बघा, दुचाक्या उलट्या बाजूनंही येतात.

पोचलात की पहिल्याच संध्याकाळी जवळच्या बालरोगतज्ज्ञांचा दवाखाना आणि त्याची वेळ बघून ठेवा. ताप चढल्यावर रात्री शोधत बसू नका. चंद्रपूरच्या डॉक्टरांकडून तापाच्या औषधाचं दोघांचं प्रमाण वजनाप्रमाणे लिहून आणा, क्षारसंजीवनीची (ओआरएस) पाकिटं जवळ ठेवा. रुग्णवाहिकेसाठी १०८, इतर कुठल्याही मदतीसाठी ११२.

आणि मधला एक दिवस, पाचवा किंवा सहावा, पूर्ण मोकळा ठेवा. सकाळी फक्त बाग, बाकी काही नाही. त्या दिवशी मुलं झोपली की तुम्हीही झोपा.

बाबागाडी आणू नका. पेठांतले आणि डेक्कनचे फुटपाथ मधेच खाली उतरतात, मधेच खांब येतो, मधेच गाडी लावलेली असते. एका हातात बाबागाडी उचलायची आणि दुसऱ्या हातात थोरली, हे जमत नाही. कापडी झोळी किंवा पाठीवरची बाळपिशवी आणा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. बाबागाडीची जागा वाचेल तिथे धाकट्याची रोजची गोधडी ठेवा, आणि निघायच्या आधी ती धुऊ नका. घरचा वास तिच्यात असतो, पहिल्या दोन रात्री तो त्याला लागेल.